कुपींतील हिशेब

पैपैचा हिशेब ठेवणारे आमचे व्यापारी बंधु औषधाच्या कुपीपुढें मात्र गणित विसरतात. जर्मन वैद्य हानेमान यांनीं १७९६ सालीं होमिओपॅथीचें तत्त्व मांडिलें: जें द्रव्य निरोगी देहांत रोगासारखीं लक्षणें उत्पन्न करितें, तेंच अत्यल्प प्रमाणांत रोग हटवितें. शतांश पद्धतीच्या ३० शक्तीच्या औषधांत मूळ द्रव्य शंभरपट विरल करण्याची क्रिया तीस वेळां होते. पण त्याचा एक रेणु उरण्याची आशा बाराव्या खेपेच्या सुमारासच संपते. मग गुण कशाचा? पुष्कळ दुखणीं आपल्या मुदतीनें ओसरतात, आणि यश कुपीच्या खात्यावर जमा होतें. पडशांत हा भ्रम स्वस्त पडेल. विषमज्वरांत वेळ दवडणें म्हणजे मुद्दलच बुडविणें होय. काटा तपासून माल घेणारांनीं औषधाचाही पुरावा मागावा. त्यांत कोणाचाच अपमान नाहीं.