अकीक आणि बिल्लोर

धरणगावच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. उरुसाच्या बाजारात त्यांच्या दिराने अंगठीसाठी दोन खडे घेतले, एक हिरवागार अकीक आणि एक पाण्यासारखा बिल्लोर. त्यासाठी मोजलेली रक्कम मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी राखून ठेवलेली होती. 'खडे खरे आहेत का, एवढेच सांगा,' असे त्या लिहितात. विक्रेत्याने खड्यांचे जे गुण सांगितले, ते आम्ही इथे छापत नाही. खडे न पाहता निवाडाही देता येत नाही. पण पाहायचे कसे, ते सांगता येते.

मुळात हे दोन्ही खडे एकाच पदार्थाचे आहेत. वाळूत असते तेच सिलिका. खानदेशची काळी जमीन ज्या बेसॉल्ट खडकातून झाली, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा. थंड होताना त्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या आणि त्यांत सिलिका विरघळलेले पाणी झिरपत गेले. जिथे थरावर थर बसले तिथे अकीक झाला, जिथे मोकळी जागा उरली तिथे सहा पैलूंचा स्फटिक वाढला. हा स्फटिक म्हणजेच बिल्लोर. पुष्कळदा एकाच दगडात बाहेर अकीक आणि पोटात स्फटिक सापडतो. शेतात नांगराला लागणारी गारगोटी याच घराण्यातली. सिन्नरच्या 'गारगोटी' संग्रहालयात असे दगड मुलांना जरूर दाखवावेत.

आता मोजमाप पाहू. कठीणपणाच्या १ ते १० या मापावर बिल्लोर ७, अकीक साडेसहा ते ७. पाण्याच्या तुलनेत बिल्लोर २.६५ पट जड, अकीक सुमारे २.६० पट. अपवर्तनांक, म्हणजे खड्यात शिरताना प्रकाश किती वाकतो त्याचे माप, बिल्लोरचा १.५४४ ते १.५५३ आणि अकीकचा १.५३ ते १.५४. हजार वर्षांपूर्वी अल्-बिरुनी यांनी रत्ने पाण्याच्या हिशेबाने तोलली, त्यांत बिल्लोरही होता. पण या दोघांत तराजूही फारसा भेद करू शकत नाही.

भेद आहे तो विणीत. बिल्लोर हा एकसंध स्फटिक, म्हणून आरपार दिसतो आणि काचेसारखा चमकतो. अकीक डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक तंतूंचा बनलेला. प्रकाश त्यात अडखळत जातो, म्हणून तो धूसर दिसतो आणि त्याची चमक मेणासारखी मऊ असते. याच विणीमुळे तो सहजी फुटत नाही. औषधे घोटायचे खल त्याचे करतात आणि सोन्याला ओप द्यायलाही तो वापरतात. त्यावर बारीक अक्षरे कोरता येतात आणि लाखेवर मोहर उठवली तर लाख चिकटत नाही.

पण याच तंतूंमध्ये सूक्ष्म फटी असतात आणि तिथून रंग आत शिरतो. काळा अकीक साखरेच्या पाकात मुरवून मग आम्लात टाकून करतात, हिरवा बहुधा क्रोमियमच्या क्षारांनी. लाल अकीकाची गोष्ट वेगळी. नर्मदाकाठी रतनपूरला, बाबा घोर यांच्या दर्ग्याच्या परिसरात, पिवळट अकीक मडक्यांत घालून शेणीच्या आगीत भाजत आणि तो माल खंभातच्या कारागिरांकडे जाई. भट्टीत वीट लाल होते तसेच इथे दगडातले लोह लाल होते. ही भाजणी आम्ही फसवणूक मानत नाही. रंगवलेला हिरवा खडा 'खाणीतून असाच निघाला' म्हणून विकणे मात्र सरळ खोटे आहे.

तेव्हा भगिनींनी हिरवा खडा उजेडासमोर धरून भिंगातून पाहावा. रंग पट्ट्यांत किंवा तड्यांत गोळा झालेला दिसला, तर तो बाहेरचा. स्पिरिटच्या बोळ्याला रंग लागला तर प्रश्नच मिटला. नाही लागला, तरी खडा निर्दोष ठरत नाही. काचेवर ओरखडा काढून पाहण्याचा उपाय इथे निकामी आहे, कारण रंगवलेला अकीकही काच कापतो.

बिल्लोरच्या जागी काच दिली असेल, तर भिंगातून हवेचे गोल बुडबुडे दिसू शकतात. खरा बिल्लोर हाताला काचेपेक्षा गार लागतो. बिल्लोरचा मोठा गोळा असता तर आणखी सोपे होते. कागदावर रेघ ओढून वर गोळा फिरवला, की एखाद्या बाजूने रेघ दुहेरी दिसते. काचेच्या गोळ्यातून ती कधीच दुहेरी दिसत नाही. अंगठीच्या खड्यात हे नुसत्या डोळ्यांना कळणार नाही, त्याला रत्नपरीक्षकाचे उपकरण लागते.

आणि समजा, दोन्ही खडे खरे निघाले, तरी हे पदार्थ दुर्मिळ नाहीत. मुलीच्या वर्षाच्या फीइतकी किंमत साध्या अकीकाला किंवा बिल्लोरला येत नाही. पक्की पावती असेल तर दिराने ती आणि खडे घेऊन विक्रेत्याकडे जावे आणि 'रंगवलेला नाही' असे लेखी मागावे. लिहून देण्याची त्याची तयारी नसेल, तर तिथेच पैसे परत मागावेत. फी भरण्याची शेवटची तारीख पत्रात नाही, ती भगिनींनी आम्हाला लवकर कळवावी.