छप्पर तापतंय आणि आपण कूलर घेतोय

मे महिन्यात आपल्याकडं पारा 43 च्या पुढं जातो, यात आता कुणालाच नवल वाटत नाही. घरात कूलर आणायचा आणि डीपी उडाली की वायरमनला फोन लावायचा, एवढाच आपला उन्हाळ्याचा बंदोबस्त.

पण घर तापतं कुठनं? मुख्य म्हणजे वरनं. पत्र्याखाली सकाळी दहालाच बसवत नाही. स्लॅबचं वेगळं: तो दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर आपल्या अंगावर सोडतो. रात्री अकराला स्टुलावर उभं राहून स्लॅबला हात लावून बघा. छप्पर तसंच ठेवून कूलर लावणं म्हणजे भोकाच्या बादलीत पाणी भरणं.

जुन्या माळवदाचे फोटो टाकले की लाइक्स भरपूर पडतात. गारवा होता हे खरंच. लाकडावर जाड मातीचा थर, ऊन खाली पोचेपर्यंत दिवस मावळायचा. पण 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी भागात तीच जड छपरं आणि दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. तिकडं परत जा असं मी तरी कुणाला सांगणार नाही. प्रश्न आहे तो आज डोक्यावर असलेल्या स्लॅबचा आणि पत्र्याचा.

त्याला उपाय आहे, आणि तो स्वस्त आहे: छप्पर पांढरं करणं. अहमदाबादनं 2010 च्या उष्णतेच्या लाटेत माणसं गमावली, 2013 मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढं वस्त्यांमधली छपरं पांढरी केली. तेलंगणानं 2023 मध्ये त्यासाठी धोरणच आणलं; तिथं नव्या सरकारी इमारतींना थंड छप्पर सक्तीचं आहे. आपल्याकडं चुन्यात फेविकॉल कालवून दोन हात मारणारे लोक आहेतच. जादू नाही ही. धुळीनं, पावसानं रंग उतरतो, एक-दोन उन्हाळ्यांनी परत मारावा लागतो. गंजका पत्रा आधी घासावा लागतो. पत्र्याखाली थोडी जागा सोडून छत मारलं तर फरक आणखी पडतो.

सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला 78 हजार अनुदान मिळतं, आणि पॅनलची सावली स्लॅबवर पडते हा वरचा फायदा. चांगलंच आहे. पण ज्याचे वासेच वाकलेत त्यानं पॅनल कशावर बसवायचं? घरकुलवाल्याला मूळ अनुदान 1 लाख 20 हजार. त्यात 25 चौरस मीटरचं घर. पैसे कमी पडले की तो पत्रा टाकतो आणि दुपारी लेकरांना घेऊन झाडाखाली बसतो. पालखी मार्ग रुंद झाला तेव्हा रस्त्याकडेची झाडंही गेली, ते वेगळंच.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. सुरुवात अंगणवाडी आणि झेडपीच्या शाळेपासून करा. सकाळची शाळा भरवून ऊन चुकवता येतं, पण अकराला सुटलेलं पोरगं घरी पत्र्याखालीच जातं. त्यामुळं दुसरा नंबर घरकुलांचा. मतदान यंत्रावरनं आपली मारकडवाडी देशभर गाजली. एखादं गाव छपरावरनं गाजलं तर काय बिघडलं?

1 मेच्या ग्रामसभेत हा विषय काढून उपयोग नाही, तोवर निम्मा उन्हाळा संपलेला असतो. 26 जानेवारीच्या सभेसाठी अर्ज आधीच लेखी द्या, विषय ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात घ्यायला लावा आणि मार्चच्या आत चुना मारून घ्या. अकलूज, नातेपुते, माळशिरस शहरातल्यांनी आपापल्या नगरसेवकाला गाठा.