जुनी फियाट आणि नवे टायर



वडिलार्जित शेतजमिनीप्रमाणे वडिलार्जित मोटार हीदेखील काही घरांतून पिढीजात ठेव होऊन बसलेली आहे. आपल्या गावांतून फिरताना एखाद्या पडवीत किंवा गोठ्याला लागून काढलेल्या छपराखाली जुनी फियाट उभी असलेली अजूनही दृष्टीस पडते. मुंबईस कुर्ला येथे प्रीमियर कंपनीने 1954 पासून फियाट 1100 ही गाडी जोडावयास आरंभ केला. पुढे तीच गाडी 1974 पासून ‘पद्मिनी’ या नावाने विकली जाऊ लागली आणि 2000 सालाच्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. मुंबईच्या रस्त्यावरील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीनेही 30 ऑक्टोबर 2023 रोजी निरोप घेतला. पण घरोघरीच्या गाड्या थोड्याच निरोप घेतात! सणासुदीला, लग्नकार्याला, आजारी माणसाला इस्पितळात न्यावयाला त्या बाहेर काढल्या जातात आणि काम झाले की पुन्हा छपराखाली जातात.

अशा गाडीवर जीव लावणारे लोक इंजिनावर, रंगावर, आसनांच्या कापडावर हात सैल सोडून खर्च करतात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. टायरांचा विचार मात्र सर्वांच्या शेवटी होतो. आणि तोही ‘नक्षी शाबूत आहे ना, मग चालेल की आणखी दोन वर्षे’ एवढ्यावर संपतो. वस्तुतः क्रम उलटा असावयास हवा. इंजिन बिघडले तर गाडी जागच्या जागी उभी राहते, आणि फार तर आपल्याला पायी घरी यावे लागते. भर वेगात टायर फुटला तर गाडी उभी राहात नाही. आत बसलेल्या साऱ्या कुटुंबाला रस्त्याशी धरून ठेवणारे असे काय असते? चार टायरांचे तळहाताएवढे चार ठिपके, एवढेच. डिसेंबरच्या 3 तारखेला जुन्या गोव्याच्या फेस्तासाठी बेळगावहून चोर्ला घाटाने गाडी उतरवणाऱ्या कुटुंबप्रमुखाने हे ध्यानात ठेवावे.

तेव्हा प्रथम वयाचा प्रश्न. टायर झिजून जसा मरतो तसा नुसता उभा राहूनही मरतो. रबरात एक प्रकारचे मेणासारखे द्रव्य मिसळलेले असते. चाक फिरताना टायर दबतो, पुन्हा फुगतो, आणि या हालचालीने ते द्रव्य हळूहळू पृष्ठभागावर येऊन रबराचे ऊन-वाऱ्यापासून रक्षण करते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की ही क्रिया थांबते आणि रबर कोरडे पडून तडकू लागते. म्हणूनच जी गाडी फारशी चालत नाही, तिचे टायर ‘नवेच आहेत’ असे मालक म्हणतो तेव्हा मला विशेष धास्ती वाटते. बाजूच्या रबरावर बारीक केसासारख्या भेगा आहेत का, हे दिवसाच्या उजेडात पाहावे. आणि पाहण्यापूर्वी काळे पॉलिश फासू नये, कारण ते भेगा झाकते, बुजवीत नाही.

टायरचे वय शोधून काढणे कठीण नाही. त्याच्या बाजूवर लांबट चौकटीत चार अंक ठसवलेले असतात. 3219 असे असेल तर 2019 सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात तो तयार झाला, असे समजावे. चाराऐवजी तीनच अंक आढळले तर तो टायर 2000 सालापूर्वीचा आहे. त्याची नक्षी कितीही खोल असो, त्यावर माणसे बसवून नेऊ नयेत. सहा वर्षांनंतर दरवर्षी जाणत्या माणसाकडून तपासणी करून घ्यावी आणि दहा वर्षे झाली की टायर काढून टाकावा, असा सर्वसाधारण प्रघात आहे. मी तो काटेकोरपणे पाळण्याच्या मताचा आहे. स्टेपनीही यातून सुटत नाही. डिकीत पंधरा वर्षे निजलेली स्टेपनी संकटकाळी बाहेर काढून चाकाला लावणे म्हणजे एका संकटातून दुसऱ्यात जाणे होय.

आता मापाकडे वळू. फियाटचे मूळ माप 5.20-14. पहिला आकडा टायरची रुंदी इंचांत सांगतो, म्हणजे सुमारे 132 मिलिमीटर. दुसरा सांगतो रिमचा व्यास, तोही इंचांत. चाकाची एकंदर उंची साधारण 612 मिलिमीटर भरते. हा 612 चा आकडा एखाद्या कागदावर लिहून खिशात ठेवावा आणि मगच दुकानाची पायरी चढावी, कारण मूळ मापाचा टायर दुकानात सापडेलच असे नाही, आणि ‘चौदाच्या रिमला बसतो’ म्हणून दुकानदार जे पुढे करील ते सारेच फियाटला मानवणारे नसते.

हिशेब सोपा आहे. आजच्या टायरवर 165/80 R14 असे लिहिलेले असते. 165 ही रुंदी मिलिमीटरांत. 80 म्हणजे टायरची उंची रुंदीच्या शेकडा ऐंशी, अर्थात 132. ही उंची रिमच्या वर एकदा आणि खाली एकदा, म्हणून 264. त्यात 14 इंचांचे सुमारे 356 मिळवले की 620 झाले. मूळ 612 शी हे माप चांगलेच जुळते. 155 R14 असे नुसतेच लिहिलेले असेल तर उंची शेकडा ब्याऐंशी धरावी. उत्तर येते 610, म्हणजे जवळजवळ मूळचेच. उलट 175/65 R14 घेतला तर 583 भरतात. गाडी रस्त्याकडे दीड सेंटिमीटर खाली येते, गावच्या गतिरोधकावर पोट घासू लागते, आणि काटा साठ दाखवीत असताना गाडी प्रत्यक्षात सत्तावन्नानेच धावत असते. मूळ उंचीपासून शेकडा तीनहून अधिक ढळू नये, एवढी मर्यादा पाळली म्हणजे पुरे.

माझे मत विचाराल तर 155 R14 मिळाला तर डोळे मिटून तोच घ्यावा. तो न मिळाल्यास 165/80 R14 घ्यावा. मारुतीच्या स्विफ्ट व डिझायर या गाड्यांच्या काही प्रकारांना हेच माप येत असल्याने तो तालुक्याच्या गावीही मिळण्यासारखा आहे. मात्र एकदम पाच टायर विकत घेऊ नयेत. आधी एकच टायर पुढच्या चाकावर बसवून घ्यावा, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. मग तोच मागे लावून, गाडीत पाच माणसे बसवून मडगार्डला कोठे घासतो का, ते तपासावे. चांगला दुकानदार याला हरकत घेत नाही, आणि जो घेतो त्याच्या दुकानातून बाहेर पडावे.

एक मोह मात्र कटाक्षाने टाळावा. छोट्या मालवाहू टेम्पोचे 165 R14 एलटी असे लिहिलेले टायर ‘मजबूत, पंधरा वर्षे पाहायला नको’ म्हणून गळ्यात मारले जातात. त्यांची उंची 626 पर्यंत जाते हा दोष लहान. मोठा दोष असा की, त्यांच्या बाजू जाड व ताठ असतात. त्या भाराखाली दबाव्यात म्हणून केलेल्या असतात, आणि तो भार मालाचा असतो. रिकामी फियाट सुमारे नऊशे किलोची. तिच्याखाली असा टायर दगडासारखा राहतो, प्रत्येक खड्डा पाट्यांत आणि बसणाऱ्यांच्या मणक्यांत शिरतो, आणि ओल्या रस्त्यावर पकडही कमी मिळते. रिमोल्ड केलेल्या टायरविषयी तर बोलावयासच नको. बैलगाडीला ते उत्तम.

जुन्या टायरांत सुती वा नायलॉनच्या दोऱ्यांचे थर तिरपे, एकमेकांना छेदून घातलेले असत. रेडियल टायरात दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि नक्षीच्या खाली निराळे पट्टे असतात. मिशलिन कंपनीने याचे पेटंट 1946 साली घेतले. फियाट 1100 ची रचना मात्र तिरप्या थरांचे टायर गृहीत धरूनच झालेली आहे. रेडियल घातल्यावर गाडी वळणावर अधिक स्थिर राहते, पावसात अधिक चांगली थांबते. पण जागच्या जागी स्टिअरिंग फिरवताना हाताला जड लागते. किंगपिन आणि बुश झिजलेले असतील तर त्यांची ढिलाईही नव्या टायरबरोबर उघडी पडते. अशा वेळी टायरला दोष देऊ नये. टायर बदलण्यापूर्वी मेकॅनिककडून पुढची चाके जॅकवर उचलून, वरखाली हलवून खिळखिळेपणा पाहून घ्यावा.

दोन जातींची सरमिसळ हा या विषयातील सर्वांत गंभीर भाग होय. पैशाच्या अडचणीपायी ‘यंदा दोन, पुढच्या वर्षी दोन’ असे पुष्कळांना करावे लागते, आणि त्यात काही लाज नाही. परंतु एकाच आसावर एक रेडियल व एक जुन्या जातीचा टायर कदापि नसावा. दोनच रेडियल घेणे शक्य असेल तर ते मागे लावावेत. स्वाभाविक कल उलट असतो. स्टिअरिंगची चाके पुढची, म्हणून चांगला माल पुढे, असे आपल्याला वाटते. पण पुढचे टायर रस्त्याला घट्ट धरून आहेत आणि मागचे धरीत नाहीत, अशी गाडी घाटाच्या वळणावर मागून सटकते, आणि सटकलेले मागचे अंग सावरणे हे भल्याभल्या चालकाच्याही हातचे नसते. पुढचे टायर आधी घसरले तर गाडी सरळ जाऊ पाहते. वेग कमी केला की पुष्कळदा ती पुन्हा ताब्यात येते.

टायर निघाल्यावर रिमकडे पाहण्याची संधी मिळते. ती दवडू नये. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत टायरची कड जेथे बसते तेथेच गंज पोखरत असतो आणि तो बाहेरून दिसत नाही. तारेच्या ब्रशाने घासून, पोपडे काढून, नट बसतात त्या भोकांभोवती आणि मधल्या पत्र्यावर चीर आहे का ते पाहावे. चीर गेलेला रिम जोडून घेऊ नये, टाकून द्यावा. गाडी जॅकवर घेऊन चाकाजवळ एक काडी स्थिर धरावी व चाक फिरवावे. काडी आणि रिम यांतील अंतर कमीजास्त होत असेल तर रिम वाकडा आहे. रंग द्यावयाचा तो पातळ. नटाच्या बैठकीवर रंगाचे जाड थर बसले की ते पुढे दबतात आणि नट सैल होतात.

तरुण मंडळींना रुंद अलॉय चाकांची हौस असते. त्यांचे वडील माझ्याकडे तक्रार घेऊन येतात. मी दोघांनाही एकच सांगतो. नवीन चाकाची भोकांची संख्या, त्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास, मधल्या मोठ्या छिद्राचे माप आणि नटाच्या बैठकीचा उतार, ही चारही मापे तंतोतंत जुळली पाहिजेत. जवळपास जुळून भागत नाही. ती जुळली तरी पाचवी गोष्ट उरते. चाक मूळ जागेपेक्षा बाहेर आले की गाडीचा भार बेअरिंगवर तिरपा पडतो, आणि ज्या बेअरिंगने तीन पिढ्या काढल्या ते दोन वर्षांत ओरडू लागते. शिवाय मूळ पोलादी रिमला खड्ड्यात बाक येतो, तो लोहार सरळ करतो. ओतीव अलॉय तडकते. कुर्ल्याहून आलेले रिम शाबूत असतील तर तेच ठेवावेत. दिसण्याच्या दृष्टीनेही, काळ्या टायरमध्ये चकचकीत झाकण बसवलेले जुने चाकच फियाटला शोभते, असे मला वाटते.

ट्यूबलेसचा प्रश्न बहुतेक सारेच विचारतात. जुन्या रिमच्या आतल्या बाजूस ती उंच कड नसते, जी हवा कमी झाल्यावरही टायरला जागेवर धरून ठेवते. यासाठी जुन्या रिमवर ट्यूब घालूनच टायर बसवावा. ट्यूब नवी, टायरच्या मापाची आणि रेडियलसाठी म्हणून केलेली असावी. टायरच्या आत कागदाची चिठ्ठी चिकटवलेली असते, ती सोलून काढावी, नाहीतर ती घासून घासून ट्यूबला भोक पाडते. विकत घेताना भारतीय मानकाचे आय. एस. आय. चिन्ह पाहावे, 2009 च्या सरकारी आदेशानुसार ते आवश्यक झाले आहे.

जुन्या पुस्तिकेत दिलेला हवेचा आकडा जुन्या जातीच्या टायरांसाठी आहे. रेडियलला साधारणतः त्याहून दोन ते चार पौंड अधिक हवा भरावी. ती सकाळी, गाडी चालण्यापूर्वी मोजावी, कारण तापलेला टायर खोटा आकडा सांगतो. मे महिन्याच्या उन्हात, भरलेल्या गाडीत, कमी हवेचा टायर दबून दबून आतून तापतो आणि त्याचे थर सुटतात. चाके बसवताना नट एकामागून एक न आवळता समोरासमोरचे आवळावेत, आणि पन्नासेक किलोमीटर गाडी चालवून झाल्यावर पाना घेऊन पुन्हा एकवार सारे पाहून घ्यावेत. काढलेले जुने टायर दुकानदाराच्या स्वाधीन करण्याआधी त्यांच्या बाजूंना करवतीने छेद द्यावा, म्हणजे पॉलिश लावून ते दुसऱ्या कोणाच्या गाडीखाली जावयाचे नाहीत. एखादा मुलांच्या झोपाळ्यासाठी घरी ठेवायला हरकत नाही.