भट्टी विझत नाही म्हणून

शेजारच्या मुलीला बारावीनंतर होम सायन्स घ्यायचंय आणि पुढे त्यातलाच मानव विकास. "पोळ्या लाटायला कॉलेज कशाला?" असं तिचे मामा म्हणाले, तेव्हा ती हिरमुसून माझ्याकडे आली. तीस वर्षांपूर्वी नागपूरहून भिलाईला आलेल्या माझ्या आत्यानं मला हेच विचारलं होतं. तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं.

या विषयात पहिलं काय शिकवतात, तर बघायला. आम्हाला अंगणवाडीत एका मुलासमोर तासभर बसवायचे आणि दिसेल ते लिहायला सांगायचे. मी लिहिलं, 'मुलगा चिडला.' मॅडमनी त्यावर लाल रेघ मारली. "चिडला हे तुझं मत झालं. तुला दिसलं काय?" मग मी खोडून लिहिलं, 'मूठ आवळली. भिंतीकडे तोंड केलं. ठोकळा मागितला तरी दिला नाही.' असं लिहिल्यावर तो मुलगा हट्टी वाटेना. घरी धाकटा भाऊ आल्यापासून त्याच्या हातातलं सगळं काढून घेतलं जात होतं, हे दोन आठवड्यांनी कळलं. त्या लाल रेघेनं मला जेवढं शिकवलं, तेवढं कुठल्याच पुस्तकानं शिकवलं नाही.

ती अंगणवाडीही मूळची आपलीच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे कोसबाडला नेलं. आदिवासी मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच पाड्यातल्या अंगणात गेली. 2 ऑक्टोबर 1975 ला देशभराची बालविकास योजना सुरू झाली, तिच्या केंद्रांचं नावही अंगणवाडीच. आमच्या वर्गात हिंदी आणि छत्तीसगढी बोलणाऱ्या मुलींना हे सांगताना मला फार अभिमान वाटायचा. दुर्गच्या शासकीय कन्या महाविद्यालयाला डॉ. वामन वासुदेव पाटणकरांचं नाव आहे, तिथंही गृहविज्ञान शिकवतात. मराठी नावाच्या त्या पाटीसमोरून जाताना आजही बरं वाटतं.

मग एक दिवस अभ्यासात मानसशास्त्रज्ञ ब्रॉन्फेनब्रेनर आले. जन्म मॉस्कोचा, 1917 चा. लहानपणीच आईवडिलांबरोबर अमेरिकेत गेले. 1979 च्या त्यांच्या पुस्तकात मुलाभोवती वर्तुळं आहेत. पहिल्यात घर आणि शाळा, त्याबाहेर घर-शाळेचे एकमेकांशी संबंध. त्याच्याही बाहेरच्या वर्तुळात अशा जागा, जिथं मुलानं कधी पाऊलही ठेवलेलं नसतं, पण तिथं जे घडतं ते मुलाच्या ताटापर्यंत पोचतं. उदाहरण म्हणून बापाच्या नोकरीची जागा दिली होती. मी वहीतून मान वर केली. भिलाईच्या पोरीला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

सोव्हिएत मदतीनं उभ्या राहिलेल्या आमच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. अशी भट्टी रात्री विझवून सकाळी पेटवता येत नाही. ती अहोरात्र जळते, म्हणून कुणीतरी अहोरात्र जागं असावं लागतं. सकाळची, दुपारची, रात्रीची, अशा तीन शिफ्ट. बाबांची नाइट असली की ते सकाळी येऊन झोपायचे. आठ वाजता आई आतल्या खोलीचे पडदे ओढायची, वरून जाड चादर टांगायची. दुपारपर्यंत कुकरची शिट्टी नाही, रेडिओ नाही, दाराची कडी वाजवायची नाही. कारखान्याच्या वसाहतीतल्या आमच्या सेक्टरमधली आम्ही सगळीच मुलं कुजबुजून खेळायला शिकलो होतो. कुठल्या घरी नाइट आहे, हे खिडकीवरून कळायचं. आजी-आजोबा सगळ्यांचेच गावाकडे, कुणाचे वर्ध्याला, कुणाचे केरळात, कुणाचे आंध्रात. त्यामुळे बाळंतपणापासून तापापर्यंत शेजारीण हीच आत्या आणि मावशी.

पुढच्या प्रॅक्टिकलला मी माझं घरच निवडलं. आठ दिवस आईची नोंद ठेवली. बाबांची ड्यूटी बदलली की त्यांची झोप बदलायची. आईची मात्र तिन्ही शिफ्टमध्ये मोडायची. पहिल्या शिफ्टसाठी चारला उठून डबा, दुसरीचं जेवण रात्री अकराला गरम करणं, नाइटला दचकून जागं होणं. एकोणीस वर्षं मी त्या घरात राहत होते आणि हे मला दिसलं नव्हतं.

म्हणून मला वाटतं, हा विषय मुलग्यांनीही शिकावा. आमच्याकडे हुशार मुलगा आयआयटीच्या क्लासला जातो, त्याला पोलादाची ताकद मोजता येते. आईची झोपही मोजायला शिकवायला काय हरकत आहे? आता तर सेक्टरांमधून निवृत्त जोडपी एकटी राहतात, मुलं पुण्याला, बंगळुरूला. मानव विकास म्हणजे फक्त बालपण नव्हे, सत्तरीनंतरचं आयुष्यही त्यातच येतं.

शेजारच्या त्या मुलीच्या प्रवेशाला अवकाश होता. मी तिला एक वही दिली आणि म्हटलं, चार दिवस आमच्या आईजवळ बस, मत लिहू नकोस. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. काल तिनं वही आणून दाखवली. हिंदीत लिहिलेली पहिलीच नोंद अशी होती : सकाळी आठ वाजता आजींनी आतल्या खोलीचे पडदे ओढले. खोलीत कोणी झोपलेलं नव्हतं.