मूल होत नाही, तपासणी कोणाची?

लग्नानंतर दोन-तीन वर्षांत पाळणा हलला नाही, की धाराशिव जिल्ह्यातील घराघरांत पहिली शंका सुनेवर घेतली जाते. तुळजाभवानीला नवस होतात, कर्ज काढून सोलापूर-लातूरचे दवाखाने गाठले जातात, आणि अखेर दुसऱ्या लग्नाची भाषा सुरू होते. नवऱ्याला तपासावे, हे मात्र कोणी सुचवीत नाही. वस्तुतः अशा जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषातील दोष हे एकमेव किंवा एक कारण असते.

कायद्याची दृष्टीही याहून फारशी निराळी नाही. आक्षेपार्ह औषधी जाहिरातींना बंदी घालणाऱ्या १९५४ च्या कायद्याच्या परिशिष्टात 'स्त्रियांतील वंध्यत्व' आहे, पुरुषाच्या नावे आहे ते 'नपुंसकत्व'. पौरुष आणि जननक्षमता या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांची गल्लत होते म्हणूनच पुरुष दवाखान्याची पायरी चढत नाही, एस.टी. स्टँडच्या भिंतीवरील 'गुप्तरोगा'च्या जाहिरातीकडे मात्र वळतो.

या बाजाराचे अर्थशास्त्र साधे आहे : लाज जितकी मोठी, तितका नफा अधिक. शिश्नाला वक्रता आलेल्या रुग्णाला तेल आणि चूर्ण विकले जाते. प्रौढ वयात येणारी ही वक्रता बहुधा आतील आवरणावर व्रणासारखा कठीण पट्टा तयार झाल्याने येते. फ्रेंच शल्यविशारद पेरोनी यांनी १७४३ मध्येच तिचे वर्णन केले होते. तो पट्टा तेलाने विरघळत नाही. दुखणे स्थिरावल्यावर, गरज असल्यास, शस्त्रक्रियेचा मार्ग असतो. 'ताकदी'ची म्हणून दिली जाणारी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने तर शुक्राणूंची निर्मितीच थांबवू शकतात. मूल हवे म्हणून पैसे मोजणाऱ्याची याहून क्रूर फसवणूक कोणती?

खऱ्या उपचाराचा आरंभ स्वस्त आहे. वीर्यतपासणीला सूक्ष्मदर्शक आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ पुरेसा होतो. अंडकोशातील फुगलेल्या शिरा किंवा मार्गातील अडथळा यांवर शस्त्रक्रिया होऊ शकते. एकच शुक्राणू सुईने बीजांडात सोडण्याची पद्धत १९९२ पासून ज्ञात आहे. पण तिच्या एका आवर्तनाचा खर्च लाखाच्या पुढे जातो. ऊसतोडणीची उचल फेडणाऱ्या मजुराने तो कोठून आणावा?

ही विद्या खासगी मालकीतच वाढली, असेही नाही. ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून परीक्षानळीतील गर्भधारणेचे मूल जन्मले, ते मुंबई महापालिकेच्या के.ई.एम. रुग्णालयात. सार्वजनिक पैशाने वाट उघडली. आज तीवर टोलनाके मात्र बहुतांशी खासगी आहेत.

१९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयक महाराष्ट्र विधिमंडळाने संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. पुरुषाच्या शरीराची इतकी चिंता वाहणाऱ्या शासनाला अपत्यहीन पुरुषाचा विसर का पडावा? कुटुंबनियोजन म्हणजे केवळ मुले थांबविणे नव्हे. संततिनियमनाचा पुरस्कार करणाऱ्या र. धों. कर्वे यांनी कामजीवनाविषयीच्या प्रश्नांना उघड उत्तरे दिली, म्हणून त्यांच्यावर खटला झाला. १९३४ मध्ये डॉ. आंबेडकरांनी त्यांची बाजू लढविली. तो लढा अपुराच राहिला आहे.

म्हणून मागणी नेमकी हवी. धाराशिवच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि जिल्ह्यातील उपजिल्हा रुग्णालयांत वीर्यतपासणी मोफत व्हावी, ठरावीक दिवशी पुरुषांसाठी बाह्यरुग्ण विभाग चालावा, आणि पत्नीवर कोणतीही शस्त्रक्रिया सुचविण्यापूर्वी पतीचा अहवाल पाहिला जावा. कार्यकर्त्यांनी हा विषय ग्रामसभेत संकोच न बाळगता मांडावा. तेथील मौनाची किंमत आजवर एकटी सूनच भरीत आली आहे.