गरिबीचे गोडवे

गेल्या वर्षीं आमचा एक सत्कार झाला. हर्णे बंदरावरच्या एका खलाशाचा मुलगा इंग्रजीचा प्राध्यापक झाला, एवढेंच त्याचें निमित्त. गरिबी हीच खरी शाळा असून, आईबापांची माया पाठीशीं असली म्हणजे मुलाला दुसरी कसलीच उणीव भासत नाहीं, असें प्रमुख वक्त्यांनीं सांगितलें. टाळ्या झाल्या. आमची थोरली बहीण मागल्या रांगेंत बसली होती. तिचा डावा कान लहानपणींच गेला असल्यामुळें भाषण तिला नीट ऐकूं आलें नाहीं. घरीं येतांना तिनें विचारलें, "काय बोलले रे ते?" आम्हांस तें तिला सांगवेना. जें विधान सभेंत टाळ्या घेतें पण घरांत बोलून दाखवितां येत नाहीं, त्याची एकदां झडती घेतलीच पाहिजे.

आमच्या आईबापांना माया नव्हती, असें कोणी म्हटल्यास आम्ही त्याच्याशीं भांडूं. वडील होडीवरून चार-चार दिवसांनीं परतत, ते आम्हां भावंडांना कडेवर घेतल्याशिवाय पाणीसुद्धां पीत नसत. आई संध्याकाळीं पुळणीवरच्या लिलावांत मासळी घेई व दुसऱ्या दिवशीं पांटी डोक्यावर घेऊन गांवोगांव विकीत फिरे. रात्रीं कालवणांतली चांगली तुकडी तिनें स्वतःच्या पानांत कधींच घेतली नाहीं. परंतु आम्ही कितवींत आहोंत, हें दोघांपैकीं एकालाही सांगतां आलें नसतें. बहीण नऊ वर्षांची असतांना धाकटें भावंड तिच्या कडेवर आलें, आणि चौथीनंतर तिची शाळा सुटली. त्याच पावसाळ्यांत तिचा कान वाहूं लागला. आईनें तेल कोमट करून घातलें, दृष्ट काढली, रात्रभर डोकें मांडीवर घेतलें. डॉक्टरकडे मात्र कोणीच नेलें नाहीं.

येथें दोन गोष्टींची गल्लत होते. माया निराळी व सांभाळ निराळा. माया मनांत असते. सांभाळ हें रोजचें काम आहे, आणि त्याला वेळ लागतो, पैसा लागतो, लक्षही लागतें. वेळ आमच्या आईबापांपाशीं नव्हता, हा त्यांचा दोष नव्हे. पण शिमग्याची पालखी दारीं आली म्हणजे उसने पैसे काढून वीस माणसें जेवूं घालणाऱ्या वडिलांस दापोलीच्या डॉक्टरपुरते पैसे कोठेंच मिळाले नसते, हें आम्हांस पटत नाहीं. त्यांना तें सुचलें नाहीं. रात्रभर मांडी दिली म्हणजे सारें दिलें, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. आणि तीच समजूत आज शिकलेले लोक व्यासपीठावरून मोठें तत्त्वज्ञान म्हणून सांगत आहेत!

कोणी म्हणेल, थोर माणसें याच शाळेंतून निघालीं. हर्णेपासून जवळच असलेल्या मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांचें (१८५८–१९६२) उदाहरण तर ठरलेलेंच. परीक्षेसाठीं हा मुलगा कुंभार्ली घाट चढून साताऱ्यापर्यंत पायीं गेला, आणि वयानें लहान दिसतो म्हणून त्याला परत पाठविण्यांत आलें, ही गोष्ट आमचे वक्ते रंगवून सांगतात. पण त्याच कर्व्यांनीं १९३६ सालीं, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, खेड्यांतून प्राथमिक शाळा काढण्यासाठीं एक मंडळ स्थापिलें, हें कोणी सांगत नाहीं. पायपीट हें जर उत्तम शिक्षण, तर तें इतर मुलांच्या वांट्याला येऊं नये म्हणून त्यांनीं म्हातारपणीं इतकी यातायात कां करावी?

इंग्रजी वाचणाऱ्यांस आम्ही डिकन्सची आठवण देतों. त्याचा बाप प्रेमळ, आनंदी आणि अत्यंत उधळ्या होता. १८२४ सालीं तो कर्जापायीं तुरुंगांत गेला, आणि बारा वर्षांचा चार्ल्स बुटांच्या काळ्या रोगणाच्या डब्यांवर कागद चिकटवीत बसला. बापावरची माया त्यानें सोडली नाहीं. मिकॉबर हें अवीट पात्र त्यांतूनच निर्माण झालें. परंतु तो कारखाना ही चांगली शाळा होती, असें त्यानें कधीं म्हटलें नाहीं. ती जखम त्यानें जन्मभर झांकून ठेवली.

शिवाय, या शाळेंतून जो वर आला त्याचाच सत्कार होतो. जी खालीं राहिली तिची मोजदाद कोण करतो? आमच्या घरांत एक प्राध्यापक झाला तो गरिबीमुळें नव्हे. एका मुलीनें आपली पाटी खालीं ठेवून धाकटें भावंड उचललें, म्हणून त्याला शाळेंत जातां आलें.

आईबापांविषयीं असें लिहिणें हा कृतघ्नपणा आहे, असा आक्षेप येईल. आमच्या मतें खरी कृतघ्नता बहिणीचा कान विसरण्यांत आहे. आईबापांस आम्हीं केव्हांच क्षमा केली आहे. पण क्षमा करणें म्हणजे घडलें तें योग्य होतें असें म्हणणें नव्हे. ज्या सुखवस्तु घरांतून हें मासिक वाचलें जातें, तेथें मुलाचा कान दुखला तर कोणी त्यांत चारित्र्याची जडणघडण पाहत नाहीं. त्याच दिवशीं डॉक्टर गांठला जातो. मग दुसऱ्याच्या मुलाच्या बाबतींतच आपणांस गरिबी इतकी गोड कां लागावी? तिचे गोडवे गाइले म्हणजे तिच्यासाठीं कांहीं करण्याचें टळतें, हेंच त्याचें कारण.

२००९ च्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास शाळेचा हक्क दिला. उत्तम झालें. पण कडेवरचें मूल उतरवून घेणारा हात त्या कायद्यांत नाहीं. जेथें लिलाव संध्याकाळीं भरतो, तेथें पाळणाघरही संध्याकाळीं उघडें पाहिजे. तोंपर्यंत, आमच्या वक्त्यांस दुसरें कांहीं जमत नसेल तर त्यांनीं निदान एवढें करावें: गरिबीची स्तुति करण्यापूर्वीं मागल्या रांगेंत कोण बसलें आहे तें पाहून घ्यावें.