कार्लाइलच्या विजयाचे मानकरी

1912 च्या कार्लाइल फुटबॉल संघाची एक गोष्ट अमेरिकेत घट्ट रुजली आहे. पेनसिल्व्हेनियातल्या मूलनिवासी मुलांच्या सरकारी शाळेत पॉप वॉर्नर प्रशिक्षक झाला, त्याने जिम थॉर्प नावाचा खेळाडू घडवला आणि या जोडीने बडी बडी विद्यापीठे लोळवली. थॉर्पवरचा 1951 चा हॉलिवूडपट तर सारी हकीकत वॉर्नरच्याच तोंडून सांगतो. गोष्ट देखणी आहे. पण ती खरी मानायची तर मैदानावरचे उरलेले दहा जण पुसून टाकावे लागतात.

त्या मोसमात कार्लाइल 14 सामने खेळले. 12 जिंकले, एक बरोबरीत सुटला, एक पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडून हरले. 504 गुण केले, 114 दिले. (हा फुटबॉल आपला नव्हे, चेंडू काखेत मारून धावण्याचा, अंगावर झेपावून पाडण्याचा.) सगळ्यात गाजलेला सामना 9 नोव्हेंबरचा, वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीशी. आधी गुण घेतले कॅडेटांनी. शेवटी फलक होता 27-6, कार्लाइलच्या बाजूने. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला आयझेनहॉवर त्या दिवशी थॉर्पला अडवता अडवता जायबंदी झाला, एवढेच लोकांना आठवते. थॉर्पची एक लांबलचक धाव नियमभंगामुळे रद्द झाली होती. कार्लाइलचे चारही टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपार नेणे) दुसऱ्यांचे : तीन अलेक्स अर्कासाचे, एक जो बर्जीचा. थॉर्प अलौकिक होता, यात वादच नाही. पण एकट्याने संघ ओढला म्हणणाऱ्यांनी हा हिशेब पाहावा.

मग डोके तरी वॉर्नरचे ना? व्यूहरचना त्याची होती, हे मान्य. पण त्या काळी सामना चालू असताना प्रशिक्षकाने कडेवरून सूचना द्यायला नियमानेच बंदी होती. कोणती चाल कधी खेळायची, हे मैदानात क्वार्टरबॅक ठरवी, आणि तो होता ओजिब्वे जमातीचा गस वेल्श. कार्लाइलवाले क्लृप्त्यांवर जिंकत, हा आक्षेप त्याहून पोकळ. सदऱ्यात चेंडू लपवण्याची ती प्रसिद्ध युक्ती 1903 साली हार्वर्डविरुद्धची, आणि तो सामना कार्लाइल 12-11 असा हरले होते!

सगळ्यात संतापजनक दावा निराळाच आहे : हा मोसम म्हणजे शाळेच्या शिक्षणाचे फळ. 1879 मध्ये लष्करी अधिकारी रिचर्ड प्रॅट याने जुन्या बराकींत ही शाळा काढली, ती मुलांमधला मूलनिवासी पुसून टाकण्यासाठीच. केस कापले, नावे बदलली, मातृभाषा बंद केली. शाळेच्या आवारात दीडशेहून अधिक मुले पुरली गेली. अशा संस्थेने मैदानावरच्या पराक्रमाचे श्रेय घ्यावे, हा उद्दामपणा झाला. शिस्त तिथेच लागली, असे म्हणणारे म्हणतीलही. ती लावली कशी, हे मुलांनीच सांगून ठेवले आहे.

पुढे याच वेल्शने पुढाकार घेऊन सहाध्यायांच्या सह्यांचा अर्ज दिला. 1914 मध्ये अमेरिकी काँग्रेसची समिती कार्लाइलला आली. तिच्यापुढे खेळाडूंनी वॉर्नरच्या शिवीगाळीची आणि मारहाणीची साक्ष दिली. तिकिटांचा पैसा जिथे जमे त्या क्रीडानिधीचीही चौकशी झाली. शाळेच्या अधीक्षकाला जावे लागले. वॉर्नरही त्या वर्षीचा मोसम संपल्यावर पिट्सबर्गला गेला. सैन्याच्या संघापुढे डोके शाबूत ठेवून चाल ठरवणारा पोरगा दोन वर्षांच्या आत आपल्याच प्रशिक्षकाविरुद्ध उभा राहतो, हे त्या गोष्टीत कुठेच येत नाही. येणारही नाही, आले तर तिचा नायक बदलावा लागेल.

वॉर्नरला त्याच्या आखणीचे श्रेय जरूर द्यावे. 1912 चा मोसम मात्र वेल्श, थॉर्प, अर्कासा, बर्जी आणि त्यांच्या सोबत्यांचा. शाळेचा तर मुळीच नाही. ती 1918 मध्ये बंद झाली.